अंगठ्याची पोच

पहाटे ४.४५

मे महिन्यात माळावर विमान उडवायचं तर उजाडायच्या आत घर सोडावं लागतं. साडेनवाच्या पुढे जमीन तापते, वारा उचल खातो आणि शिकाऊ विमानाचं काही खरं राहत नाही. म्हणून बॅटऱ्या आदल्या रात्रीच चार्ज करून ठेवलेल्या असतात. लायपो आगरोधक पिशवीत, रिमोट जुन्या साडीच्या घड्यांत. आज विमान एकच घेतलंय आणि रिमोट पाच. कुठला रिमोट कुणाच्या हाताला बसतो ते बघायचं, एवढंच सकाळचं काम आहे.

माझा धंदा रेडिओ कंट्रोलच्या विमानांचा आणि ड्रोनचा. विकणं, दुरुस्त करणं, शिकवणं. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर, एका वाड्याच्या पोटमाळ्यावर दुकान आहे. माझी वीत कशीबशी सात इंच भरते, त्यामुळे लहान हातांची गिऱ्हाइकं आपसूक माझ्याकडे येतात. शाळकरी मुलं, इंजिनिअरिंगच्या मुली, ड्रोनने फवारणी करणाऱ्या बायका, आणि आपले हात लहान आहेत हे मेले तरी कबूल न करणारे पुरुष. हे पुरुष ‘हात पुरत नाही’ म्हणत नाहीत. ‘या रिमोटचा बॅलन्स बरोबर नाही’ म्हणतात.

सकाळी ६.१०

शिरवळच्या पुढे, महामार्ग सोडून आत गेलं की एक माळ लागतो. जागेच्या मालकाची परवानगी आहे, हवाई नकाशावर हा भाग हिरव्या पट्ट्यात येतो, आणि आम्ही ४०० फुटांच्या वर जात नाही. खरं तर फार वर गेलेलं विमान शिकणाऱ्याला नीट दिसतही नाही.

भोरहून एक आत्या आपल्या दहा वर्षांच्या भाचीला घेऊन आली आहे. तिने येण्याआधी फोनवरच जाहीर केलं होतं, “हिचे हात लहान आहेत, सगळ्यात लहान रिमोट द्या.” नव्वद टक्के लोक इथूनच सुरुवात करतात. क्रिकेटच्या दुकानात मुलाची उंची बघून चार नंबरची, पाच नंबरची बॅट काढून देतात, तसं इथेही असेल अशी त्यांची समजूत असते. रिमोटला नंबर नसतो. डबा लहान असतो किंवा मोठा, आणि डब्याचा आकार म्हणजे हाताचं माप नव्हे.

मी माझी परीक्षा घेते. मुलीच्या हातात मोठा, पूर्ण आकाराचा रेडिओमास्टर टीएक्स१६एस देते. बॅटरी सोडूनच याचं वजन पाऊण किलोच्या घरात आहे. डाव्या तळहाताच्या मुळाशी, म्हणजे तळवा डब्याच्या कडेला टेकतो तिथे, पेट्रोल पंपाच्या पावतीचा कागद सरकवते. मग सांगते, “आता डावी स्टिक पूर्ण वर आणि उजवीकडे, कोपऱ्यात.” अंगठा निघतो, अर्ध्यावर ताणतो, तळवा सुटतो आणि पावती खाली पडते.

हाच कोपरा का, तर आमच्याकडे बहुतेक सगळे मोड २ वर उडवतात. डाव्या स्टिकवर थ्रॉटल आणि रडर, उजवीवर एलिव्हेटर आणि एलेरॉन. डावा हात डब्याच्या डाव्या कडेला धरून बसलेला असतो, त्यामुळे डाव्या अंगठ्याला सगळ्यात लांब पडणारी जागा म्हणजे वरचा उजवा कोपरा. पूर्ण थ्रॉटल, उजवं रडर. आणि टेक-ऑफला नेमकं तेच लागतं. पुढे पंखा असलेलं विमान पूर्ण ताकदीने पळायला लागलं की नाक डावीकडे ओढतं, कारण पंख्याचा पीळ आणि त्याच्या वाऱ्याचा भोवरा दोन्ही त्याच बाजूला खेचतात. ते आवरायला उजवं रडर द्यावं लागतं. म्हणजे उड्डाणाच्या पहिल्या तीन सेकंदांत, सगळ्यात घाईच्या वेळी, अंगठ्याला सगळ्यात लांबची मजल मारायची असते. लांब अंगठ्याच्या माणसाला हे कधी जाणवत नाही. आखूड अंगठ्याचं विमान डावीकडच्या घाणेरीच्या झुडपात जातं, आणि सगळे म्हणतात, याला अजून रडर कळत नाही.

सकाळी ७.००

आता गंमत. तोच जड रिमोट मुलीच्या गळ्यातल्या पट्ट्याला अडकवला, खाली लाकडी ट्रे दिला, आणि अंगठे स्टिकवर ठेवायच्या ऐवजी चिमटीत धरायला सांगितलं. अंगठा आणि तर्जनी, मध्ये स्टिकचं टोक. तळवे ट्रेच्या दोन्ही बाजूंना टेकलेले. वजन मानेवर आणि कमरेवर गेलं, हातावर उरलं शून्य. आता कोपरा गाठायला अंगठा ताणावा लागत नाही, अख्खं मनगट सरकतं. मुलीने चारही कोपरे गाठले आणि वर विचारलं, “मावशी, यात एवढं अवघड काय होतं?”

युरोपात, विशेषतः जर्मनीत, ट्रेवर रिमोट ठेवून चिमटीत धरणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात मोठ्या हातांचे पुरुषही आहेत. आपल्याकडे मात्र व्हिडिओ गेमच्या सवयीने अंगठाच चालतो, आणि ट्रे गळ्यात घातला की लोक भेळवाल्याचे विनोद करतात. करू देत.

मग तुलनेसाठी तिला रेडिओमास्टर पॉकेट दिला. बॅटरीशिवाय वजन २८८ ग्रॅम, हातात घेतल्या घेतल्या आत्याचा चेहरा खुलला. पावती पडली नाही, अंगठा कोपऱ्यापर्यंत गेला. या परीक्षेत लहान रिमोट पास. उडवताना मात्र मुलगी चाचपडायला लागली. लहान डब्यात स्टिकही आखूड असते, त्यामुळे अंगठ्याच्या जराशा हालचालीला विमान भसकन वळतं. माझ्या हातात दुसरा रिमोट होताच. दोन रिमोट केबलने जोडलेले, आणि माझ्याकडे स्प्रिंगचं बटण. ते दाबून धरलं की विमान तिचं, सोडलं की माझं. पॉकेटवर ते बटण मला वारंवार सोडावं लागलं, ट्रेवरच्या मोठ्या रिमोटवर क्वचित.

तिसरा रिमोट फ्लायस्कायचा आय६. स्वस्त, हलका, चार पेन्सिल सेलवर चालणारा. देशातल्या कितीतरी कॉलेजांत पहिला ड्रोन यावरच उडतो. त्याच्या पाठीमागे जुन्या एस-व्हिडिओसारखं चार पिनांचं गोल भोक आहे, केबल तिथे लागते. हाताच्या दृष्टीने तो मधला. डबा रुंद, पण खालच्या कडा निमुळत्या, त्यामुळे तळवा आत सरकायला जागा मिळते. आत्याला तो दिसायलाच आवडला नाही, म्हणून विषय तिथेच संपला.

सकाळी ९.२०

वारा आला. पिशव्या भरल्या. आत्या अजून ‘लहानच बरा’वर ठाम. मी वाद घातला नाही. खेड शिवापूरला मिसळ, मग टोलनाका, मग कात्रजच्या बोगद्याआधीची नेहमीची रांग.

सकाळी ११.१५

दुकान उघडलं तर इंदापूरच्या ताई आधीच जिन्यात बसलेल्या. बचत गटाला ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून फवारणीचा ड्रोन मिळालाय. केंद्र सरकारने २०२३च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर केलेली योजना, १५,००० महिला गटांसाठी. गटातल्या एका बाईला १५ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, त्यातले पाच दिवस ड्रोन चालवण्याचे. ताई उसावर फवारणी करतात. ऊस डोक्यावर गेला की पाठीवरचा पंप घेऊन सरीत शिरता येत नाही, तिथे ड्रोनला पर्याय नाही.

“मॅडम, ड्रोन चांगला आहे. हात भरून येतात.”

त्यांच्या रिमोटला मध्ये स्क्रीन आहे. डबा जड, रुंद, आणि त्याचं सगळं ओझं दोन्ही तळहातांवर. मी विचारलं, ड्रोन तर शेताच्या नकाशावर आपला आपण फिरतो ना? “फिरतो की. उचलताना, उतरवताना आणि काही अडचण आली तर हातात घ्यावा लागतो.”

मला बोलायचं होतं ते इथेच होतं. फवारणी चालू असताना हात लहान असल्याने काही बिघडत नाही, कारण स्टिकला हातच लावायचा नसतो. विजेची तार मध्ये आली, वाऱ्याचा झोत आला, शेजारच्या बांधावर पोरगं धावत आलं, की मग एका क्षणात पूर्ण स्टिक मारायची असते. म्हणजे जेव्हा पोच लागते तेव्हा ती पुरीच लागते. ‘बाकी वेळ जमतं’ या समाधानाला इथे अर्थ नाही. बऱ्याच ड्रोनमध्ये मोटारी चालू करायला दोन्ही स्टिक खालच्या कोपऱ्यांत नेऊन धराव्या लागतात. ताईंनी ते करून दाखवलं: रिमोट पोटाला टेकवला, पदर खोचला आणि दोन्ही अंगठे वाकवून खाली ओढले. काम होत होतं, पण तेवढ्यात स्क्रीन त्यांच्या डोळ्यांपुढून गेलेली होती.

रिमोट बदलून देणं माझ्या हातात नाही, आणि त्यांनीही कंपनीला विचारल्याशिवाय बदलू नये. असा ड्रोन प्रमाणपत्र घेऊन संच म्हणून येतो, त्यातला एक तुकडा आपल्या मनाने बदलायचा नसतो. मग काय करता येतं? रुंद पट्टा, दोन्ही खांद्यांवरून जाणारा, एकट्या मानेवर येणारा नव्हे. डब्याच्या दोन बाजूंना दोन हूक, म्हणजे स्क्रीन पुढे कलत नाही. आणि चिमटीत धरायची सवय. ताईंच्या अंगठ्याला खुरप्याने पडलेला घट्टा होता, स्टिकच्या दातेरी टोकावर तो घसरत होता. चिमटीत आल्यावर घसरायचा प्रश्नच मिटला. पट्टा लावून त्यांनी दुकानातल्या दुकानात चार फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, “आता चहा घ्यायला पण हात मोकळा.” चहा आला.

दुपारी १.३०

पुण्यात दुपारी दुकानं बंद असतात अशी ख्याती आहे. माझं शटर खाली असतं, मी आत असते. ही वेळ दुरुस्तीची.

आज बॉक्सर नावाच्या एका रिमोटचे दोन्ही गिंबल उघडायचे आहेत. गिंबल म्हणजे स्टिकच्या खालचा सांगाडा: दोन आडवे-उभे झोके, त्यांच्या स्प्रिंगा, आणि स्टिक किती कलली ते मोजणारा सेन्सर. जुन्या किंवा स्वस्त रिमोटमध्ये तिथे घासून फिरणारा पोटेन्शिओमीटर असतो, चांगल्यात चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर, ज्यात काही घासत नाही. लहान हातांसाठी याचा उपयोग असा की स्प्रिंग भरपूर सैल केली तरी मोजमाप गुळगुळीतच राहतं. बारीक ॲलन किल्लीने स्प्रिंगचा ताण दोन आटे उतरवला की कमजोर अंगठासुद्धा दमत नाही. कारखान्यातून स्प्रिंग घट्टच येते. मुलांना आणि संधिवाताच्या आजोबांना मी पहिल्यांदा हेच करून देते, आणि याचे पैसे घेत नाही.

दुसरी गोष्ट स्टिकची लांबी. समजा टोक सांध्यापासून ४० मिलिमीटर वर आहे आणि स्टिक मध्यापासून दोन्हीकडे २५ अंश कलते. टोकाचा प्रवास होतो सुमारे ३४ मिलिमीटर. टोक बदलून उंची ३० केली, तर तोच पूर्ण प्रवास २५ मिलिमीटरमध्ये होतो. अंगठ्याची सुमारे साडेआठ मिलिमीटरची मजल वाचली, तीही दोन्ही कडांची, सगळ्यात ताणाची. किंमत एवढीच की आता प्रत्येक मिलिमीटरला विमान जास्त ऐकतं. सकाळी पॉकेटवर जे झालं ते हेच. म्हणून टोक आखूड केलं की रिमोटच्या मेनूत जाऊन एक्स्पो वाढवायचा, म्हणजे मध्याजवळ स्टिक मऊ होते आणि कडेला पूर्ण ताकद तशीच राहते. तीस टक्क्यांपासून सुरुवात करावी. टोकं घेताना आटे बघावेत. तीन आणि चार मिलिमीटरचे दोन्ही प्रकार बाजारात आहेत, आणि चुकीचं टोक जोराने फिरवलं की स्टिकचे आटे जातात.

हे सगळं लहान डबे निघाल्यानंतरचं शहाणपण. २००५च्या आधी रिमोट लहान करायला वावच नव्हता. मेगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्यांवर हातभर, कधी त्याहून लांब ओढायची अँटेना लागायची, आणि तिच्या वजनाने डबा पुढे कलायचा. २.४ गिगाहर्ट्झ आलं आणि अँटेना बोटभर झाली. डबे मात्र पुढची कितीतरी वर्षं जुन्याच मापाचे राहिले, कारण विकत घेणारे हात तेच होते.

दुपारी ४.१०

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी, शर्यतीचे ड्रोन उडवते. चष्मा लावून, कॅमेऱ्याच्या डोळ्याने. तिला झोरो, पॉकेट आणि बॉक्सर या रिमोटांतून निवडायचंय. व्हिडिओ गेमवर वाढलेली पिढी, तिला चिमटीत धरायला सांगण्यात अर्थ नाही. तिचा अंगठा दहा वर्षं तयार झालेला आहे.

झोरोच्या खालच्या मुठी गेमच्या रिमोटसारख्या आहेत, मधली बोटं मागे छान गुंडाळली जातात. सेल मात्र १८३५०चे, बुटके, त्यामुळे लवकर उतरतात. पॉकेटमध्ये १८६५०चे दोन, जे तपकीर गल्लीत कुठेही मिळतात (लॅपटॉपमधून काढलेले जुने सेल नवीन वेष्टनात देणारेही तिथेच मिळतात, पारखून घ्यावेत). बॉक्सर अर्ध्या किलोच्या थोडा वर. त्यात पूर्ण आकाराचे गिंबल, पण डबा आखडलेला. म्हणजे स्टिक मोठ्या माणसाची आणि पकड लहान माणसाची.

ती स्टिकच बघत होती. मी तिला बटणं बघायला लावलं. ड्रोनमध्ये मोटारी बंद करायचं बटण बहुधा वरच्या खांद्यावर असतं, तर्जनीने दाबायचं. रिमोट हातात धरून, थ्रॉटल अर्ध्यावर ठेवून तिला ते बटण पाडायला सांगितलं, आणि स्क्रीनवरच्या थ्रॉटलच्या पट्टीवर बोट ठेवलं. झोरोवर पट्टी हलली नाही. पॉकेटवर नाही. बॉक्सरवर तर्जनी पोचेपर्यंत अंगठा मागे सरकला आणि पट्टी चांगली चारपाच घरं खाली आली. जमिनीपासून दोन फुटांवर दरवाजातून जाणाऱ्या ड्रोनला तेवढं पुरतं.

“पण बॉक्सरची स्टिक भारी आहे.”

“आहे ना. मग बटण हलवू.”

या रिमोटांवर चालणाऱ्या एजटीएक्स सॉफ्टवेअरमध्ये कुठलंही काम कुठल्याही बटणावर देता येतं. मोटारीचं काम खांद्यावरून काढून पुढच्या तोंडावरच्या, अंगठ्याच्या शेजारच्या बटणावर दिलं. पट्टी स्थिर. मग रेडिओचा पट्टा: तिला कुणीतरी लांब पल्ल्यासाठी ९०० मेगाहर्ट्झचा सुचवला होता. अशा रिमोटसाठी आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतात ते २.४ गिगाहर्ट्झ आणि ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा छोटासा पट्टा. अमेरिकेसाठी ठरवलेला ९१५चा संच इथे नको. शर्यतीला २.४ सोडून काही लागतही नाही. बॉक्सर घेऊन गेली.

तिच्या मागोमाग एक गृहस्थ. त्यांना आखूड टोकं आणि पट्टा हवा होता, “भाच्यासाठी.” भाच्याचा अंगठा केवढा, विचारलं. त्यांनी नकळत स्वतःचाच पुढे केला. मी मापाची टोकं काढून दिली.

संध्याकाळी ६.००

गिंबल परत बसवले की कॅलिब्रेशन. स्टिक मध्यावर, मग चारही कोपऱ्यांतून सावकाश फिरवायची, म्हणजे स्टिक कुठून कुठवर जाते ते रिमोटला नव्याने कळतं. हे विसरलं तर स्टिक पूर्ण वर नेऊनही थ्रॉटल नव्वद टक्क्यांवर अडकते, आणि गिऱ्हाईक म्हणतं विमानात दम नाही. शेवटी फेलसेफ, म्हणजे रिमोटचा संपर्क तुटला तर काय होतं ते बघणं. ड्रोनचे पंखे काढायचे, मोटारी चालवायच्या, रिमोट बंद करायचा. मोटारी थांबल्या पाहिजेत. पंखे काढल्याशिवाय हे कधीही करू नये. मापाचा रिमोटसुद्धा कधीतरी हातातून निसटतोच.

संध्याकाळी ७.३०

पेठेतली तीन मुलं लॅपटॉपवर सिम्युलेटर खेळायला येतात. एजटीएक्सचा रिमोट यूएसबीने लावला की तो विचारतो, जॉयस्टिक की साठवण? जॉयस्टिक म्हटलं की झालं. विमान आपटलं तरी फक्त एक कळ दाबायची. तिघांचे हात तीन मापांचे. मी रिमोट ठरवून देत नाही, टेबलावर सगळे मांडून ठेवते आणि कोण कुठला उचलतं ते बघते. उंच मुलाने पॉकेट उचलला. सगळ्यात धाकट्याने सगळ्यात मोठा उचलला, टेबलावर ठेवला आणि चिमटीत धरला. त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

रात्री ९.००

आत्याचा फोन. घरी चर्चा झाली आहे. पावसाळ्यात माळावर चिखल, म्हणजे सप्टेंबरपर्यंत सिम्युलेटरच. आत्ता रिमोट घ्यावा की दिवाळीनंतर?

आत्ताच घ्या, मी म्हटलं. चार महिने ज्या रिमोटवर हात बसेल, त्याच रिमोटने पुढे उडवायचं. पण पॉकेट नको. माझ्याकडे एक वापरलेला टीएक्स१६एस आहे, हॉल गिंबलचा, स्प्रिंगा सैल करून ठेवलेला.

“अहो ताई, एवढ्याशा पोरीला तो केवढा मोठा होईल!”

“तिने तो उचलायचाच नाहीये. ट्रेवर ठेवायचाय.”

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग मुलीचाच आवाज, “मावशी, सकाळचाच ना? चिमटीचा?”

हो, चिमटीचा. ट्रे मी प्लायवूडचा करून देणार, दोन दिवसांत होईल. आत्याला म्हटलं, मुलीला उभं करून कोपर काटकोनात ठेवायला सांगा आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं माप पाठवा. कमरेचंही. शाळेचा गणवेश शिवायला घेतलेली मापं असतील तर ती चालणार नाहीत, ती वाढत्या अंगाने घेतलेली असतात.